वाहणाऱ्याने निवडू नये

इंटरनेटवरील माहितीची वाहतूक करणाऱ्या कंपनीने त्या माहितीत डावे-उजवे करू नये, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. मोबाइलवर उघडलेले पान वर्तमानपत्राचे आहे की दुकानाचे, चित्रफीत बड्या कंपनीची आहे की गावातल्या एखाद्या शिक्षकाची, हे पाहून कंपनीने ते अडवायचे नाही, त्याचा वेग कमी-जास्त करायचा नाही आणि त्यासाठी निराळा दरही लावायचा नाही. ग्राहकाने डेटाचे पैसे भरले की तो डेटा कशावर खर्च करायचा, हे त्याने ठरवायचे. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये एका निबंधातून हे नाव रूढ केले. नाव नवे असले तरी त्यामागचा नियम बराच जुना आहे.

पुण्याजवळचे देहूरोड स्थानक ज्या लोहमार्गावर आहे, त्याचा खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ मध्ये सुरू झाला. रेल्वे आली तसा एक प्रश्नही आला. मार्ग एकाच कंपनीच्या हाती असेल, तर तिने मर्जीतल्या व्यापाऱ्याचा माल आधी आणि स्वस्तात न्यावा का? १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्याने याचे उत्तर नकारार्थी दिले. कोणाही व्यक्तीला किंवा कोणत्याही प्रकारच्या वाहतुकीला अवाजवी झुकते माप देण्यास त्यात मनाई होती. १९८९ च्या कायद्यातील ७० वे कलम हीच मनाई पुढे चालवते. मार्ग ज्याच्या ताब्यात आहे, त्याने मालाची निवड करू नये, हा वाहतुकीच्या कायद्यातला मुरलेला विचार आहे. इंटरनेटच्या बाबतीत तो पुन्हा मांडावा लागला, कारण तारा आणि टॉवर असलेल्या कंपन्यांना ग्राहक काय पाहतो हे कळू लागले होते आणि त्यावरून कमाई करण्याची वाटही दिसू लागली होती.

एकाच पडद्यावरचे इंटरनेट

देहूरोड ही लष्करी छावणी. कॅन्टोन्मेंट बोर्ड, ऑर्डनन्स डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, मधून जाणारा जुना पुणे-मुंबई रस्ता आणि त्याला समांतर लोकलचा मार्ग, अशी या गावाची रचना आहे. एका अंगाला निगडी-तळवडे आणि पुढे चाकणची एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला रावेतमार्गे हिंजवडी आणि पश्चिमेला तळेगाव. या पट्ट्यातील वाहन उद्योगात आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत मराठवाडा-विदर्भातून तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार आहेत. भाड्याच्या खोलीत ब्रॉडबँडची तार घेण्याचा प्रश्न सहसा येत नाही. गावी पैसे पाठवणे, ठेकेदाराचा निरोप, आयटीआयच्या परीक्षेचा निकाल, भविष्यनिर्वाह निधीची चौकशी, रात्रीचा सिनेमा, सारे मोबाइलवर होते. ज्याच्याकडे तार, कार्यालयातली जोडणी आणि मोबाइल असे तीन मार्ग आहेत, त्याला एका कंपनीने काही अडवले तर दुसरा मार्ग असतो. ज्याचे इंटरनेट म्हणजे एक सिमकार्ड, त्याच्यापुरती ती कंपनीच सारे इंटरनेट ठरवू शकते. त्यामुळे नेट न्यूट्रॅलिटीच्या नियमाचा सर्वाधिक संबंध अशाच वापरकर्त्याशी येतो.

दूरसंचाराच्या नकाशावर देहूरोड ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये मोडते. मुंबईचे सर्कल वेगळे, गोवा मात्र महाराष्ट्राबरोबर. भारतात या तत्त्वाची पहिली मोठी परीक्षा ज्या सर्कलांमध्ये झाली, त्यांत हे एक होते.

मराठीतही मिळणारे फुकट इंटरनेट

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी नेहमीच्या डेटा पॅकव्यतिरिक्त वेगळे पैसे आकारण्याचे जाहीर केले. स्काइप, व्हायबर यांसारख्या ॲपमुळे कंपन्यांचे कॉलचे उत्पन्न घटत होते. त्यावर एवढी टीका झाली की काही दिवसांतच, २९ डिसेंबरला, कंपनीने हा बेत मागे घेतला.

पुढचा प्रयोग उलट्या दिशेने आला. त्यात काही महाग करण्याऐवजी काही फुकट करायचे होते. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आणले. सुरुवात महाराष्ट्र, गुजरात, आंध्र प्रदेश, तेलंगणा, तामिळनाडू आणि केरळ येथे झाली. इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, मल्याळम आणि गुजरातीबरोबर मराठीतही ते उपलब्ध होते. रिलायन्सच्या ग्राहकाला तिसाहून अधिक निवडक सेवा डेटाचे पैसे न देता वापरता येत. त्यांत बातम्या, हवामान, आरोग्य, नोकरी आणि अर्थातच फेसबुक होते. या यादीबाहेरचे काही पाहायचे असेल, तर पैसे मोजावे लागत.

६ एप्रिल २०१५ रोजी एअरटेलने ‘एअरटेल झीरो’ जाहीर केले. त्यात ॲप बनवणारी कंपनी ग्राहकाच्या डेटाचा खर्च एअरटेलला देणार आणि ग्राहकाला ते ॲप फुकट पडणार, अशी व्यवस्था होती. दोन्ही योजनांना ‘झीरो रेटिंग’ म्हणतात.

ग्राहकाला काही फुकट मिळत असेल, तर त्यात गैर काय, हा प्रश्न त्या वर्षभर विचारला गेला. त्याचे उत्तर स्पर्धेच्या हिशेबात आहे. दोन बातमीस्थळांपैकी एक फुकट आणि दुसरे पैसे देऊन, अशी स्थिती झाली की मजकूर कसाही असो, तंगीत असलेला वाचक पहिल्याकडेच वळतो. यादीत जाण्यासाठी मोठ्या कंपनीकडे पैसे किंवा ओळख असते. जिल्हा पातळीवरचे मराठी बातमीस्थळ, एकट्याने चालवलेले पाककृतींचे पान किंवा नवउद्योजकाचे ॲप यांच्याकडे दोन्ही नसते. एकदा यादीचे दार बसले की दारावर कोणीतरी बसतोच. झीरो रेटिंगचा हेतू नेहमी नफाच असतो असे नाही. विकिपीडियानेही ‘विकिपीडिया झीरो’ ही योजना २०१३ मध्ये एअरसेलमार्फत भारतात आणली होती. पण चांगल्या सेवेची निवडही वाहतूक कंपनीने करायची, हा प्रश्न तिथेही उरतोच.

वीस प्रश्न, दहा लाख पत्रे

२७ मार्च २०१५ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, इंटरनेटवरील ॲप आणि सेवांसाठी नियमन असावे का, याविषयी सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला. शंभरावर पाने आणि शेवटी वीस प्रश्न. अभिप्रायासाठी २४ एप्रिलपर्यंत मुदत होती. असे मसुदे एरवी दूरसंचार कंपन्या, त्यांचे वकील आणि मोजके अभ्यासक वाचतात. या वेळी निखिल पाहवा, अपार गुप्ता, किरण जोन्नलगड्डा आणि इतर स्वयंसेवकांनी ते प्रश्न सोप्या भाषेत मांडले, उत्तरांचा नमुना तयार केला आणि तो थेट ट्रायकडे पाठवण्याची सोय करून दिली. मुंबईच्या ‘एआयबी’ या विनोदी कलाकारांच्या गटाने ११ एप्रिलला काढलेल्या चित्रफितीने हा किचकट विषय कॉलेजच्या कट्ट्यांपर्यंत नेला.

मुदत संपेपर्यंत ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. धोरणाच्या मसुद्यावर भारतात तोपर्यंत असा प्रतिसाद आला नव्हता. कंपन्यांवरही त्याचा परिणाम झाला. फ्लिपकार्टने १४ एप्रिलला एअरटेल झीरोची बोलणी सोडली, तर मुंबईच्या क्लिअरट्रिपने दुसऱ्याच दिवशी इंटरनेट डॉट ऑर्गमधून अंग काढून घेतले. एनडीटीव्हीनेही आपल्या सेवा काढून घेतल्या.

फेसबुकने काही बदल केले. इतरांनाही यादीत येता येईल असे मे महिन्यात जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये योजनेचे नाव ‘फ्री बेसिक्स’ असे बदलले. मात्र तिथे येणाऱ्या सेवांना फेसबुकच्या अटी पाळाव्या लागत. सगळी ये-जा फेसबुकच्या मधल्या सर्व्हरवरून होई. चित्रफिती आणि इंटरनेट कॉल यांना त्यात जागा नव्हती.

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायने दुसरा मसुदा काढला. या वेळी प्रश्न नेमका होता. मजकूर पाहून डेटाचे दर वेगवेगळे ठेवावेत का? याच सुमारास ट्रायने रिलायन्सला फ्री बेसिक्स थांबवून ठेवायला सांगितले. फेसबुकने पानभर जाहिराती, फलक आणि स्वतःच्या संकेतस्थळावरून वापरकर्त्यांना ‘पाठिंब्याचा’ तयार मजकूर पाठवण्याचे आवाहन अशी मोहीम उघडली. डिसेंबरच्या अखेरीस मार्क झुकरबर्ग यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लेख लिहिला. फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव पाहणाऱ्या महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचे उदाहरण त्यात होते. विरोधकांनी उलट विचारले की शेतकऱ्याला फुकट इंटरनेट द्यायचेच असेल, तर सगळ्या इंटरनेटचा थोडा डेटा का देऊ नये? त्याने कोणते हवामानस्थळ पाहायचे, हे आधीच ठरवण्याची गरज काय?

फेसबुकच्या मोहिमेतून लाखो संदेश ट्रायकडे गेले, पण त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. राम सेवक शर्मा अध्यक्ष असलेल्या ट्रायने हे जानेवारी २०१६ मधील पत्रव्यवहारात स्पष्ट सुनावले. अभिप्राय मागवणे म्हणजे मतमोजणी नव्हे, युक्तिवाद हवा, अशी ट्रायची भूमिका होती.

८ फेब्रुवारीचा नियम

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटा सेवांच्या भेदभावकारक दरांना मनाई करणारे विनियम जारी केले. गाभा एका वाक्यात सांगता येतो. मजकुराच्या आधारावर कोणत्याही कंपनीने डेटाचे वेगवेगळे दर देऊ नयेत किंवा आकारू नयेत. ही मनाई मोडणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठरवला गेला. चालू असलेल्या योजनांना सहा महिन्यांची मुदत मिळाली. तीन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून गुंडाळले.

विनियमांसोबतच्या स्पष्टीकरणात ट्रायने दिलेले एक कारण विशेष महत्त्वाचे आहे. देशातील बहुसंख्य लोक अजून इंटरनेटवर आलेले नाहीत. अशा वेळी प्रवेश कसा असेल हे कंपन्यांना ठरवू दिले, तर नव्या वापरकर्त्याचा इंटरनेटचा अनुभवच त्यांच्या हाती जाईल. गरिबाला थोडे तरी मिळू द्या, या युक्तिवादाला ट्रायने गरिबाचाच विचार करून उत्तर दिले.

पुढच्या घडामोडींनी त्या युक्तिवादाचा उरलासुरला जोरही कमी केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आली आणि दरयुद्ध पेटले. सरकारी आकड्यांनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटा सरासरी सुमारे २६९ रुपयांना पडत असे. काही वर्षांत तोच भाव दहा रुपयांच्या आसपास आला. लोक इंटरनेटवर आले ते सगळ्या इंटरनेटवर आले.

नियमाला दोन अपवाद आहेत. आणीबाणीच्या सेवांसाठी किंवा गंभीर सार्वजनिक संकटात कंपनी दर कमी करू शकते, मात्र सात कामकाजी दिवसांत ट्रायला कळवावे लागते. दुसरा अपवाद बंदिस्त जाळ्याचा. जिथे माहिती इंटरनेटवर न जाता एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यातच फिरते, तिथे ही मनाई लागू नाही. लष्करी आस्थापनांचे अंतर्गत संगणकजाळे किंवा बँकेच्या शाखांना जोडणारे जाळे हे याचे उदाहरण. मनाई चुकवण्यासाठी असे जाळे उभारता येत नाही, हेही त्याच नियमात आहे.

वेगाचा प्रश्न आणि चाकणचे कारखाने

२०१६ चा नियम दरांपुरता होता. अडवणे आणि वेग बदलणे हा भाग उरला होता. ट्रायने त्यावर २८ नोव्हेंबर २०१७ रोजी शिफारशी दिल्या. दूरसंचार विभागाने जुलै २०१८ मध्ये त्या स्वीकारल्या आणि परवान्यांमध्ये तशी अट घातली. मजकूर अडवणे, त्याचा दर्जा खालावणे, वेग कमी करणे किंवा एखाद्याला झुकते माप देणे, हे सारे परवान्याच्या अटीचे उल्लंघन ठरले. मजकुराची व्याख्या व्यापक ठेवली. ॲप, सेवा, प्रोटोकॉल आणि वापरलेले उपकरण यांवरूनही भेद करता येत नाही.

इथेही सवलती आहेत. जाळ्यावर ताण आला की कंपनी वाहतूक आवरू शकते, पण ते तात्पुरते, प्रमाणात आणि पारदर्शक असावे लागते. लोकप्रिय चित्रफिती ग्राहकाच्या जवळच्या सर्व्हरवर साठवणारी ‘कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क्स’ या नियमाबाहेर ठेवली गेली. तिसरी सवलत ‘विशेष सेवां’ची. ज्या सेवेला ठरावीक दर्जा मिळालाच पाहिजे आणि जी सर्वसाधारण इंटरनेटची जागा घेत नाही, तिला वेगळी वागणूक देता येते. दूरस्थ शस्त्रक्रिया, चालकरहित वाहने ही नेहमीची उदाहरणे.

चाकण-तळेगाव पट्ट्याच्या दृष्टीने हे कलम महत्त्वाचे आहे. कारखान्यातील यंत्रमानव, मालाची स्वयंचलित ने-आण, रस्त्यावरच्या मोटारीतून कंपनीकडे जाणारी माहिती, या सर्वांना जाळे लागते. ट्रायने २०१७ मध्येच सांगितले होते की यंत्रांचे इंटरनेट सरसकट नियमाबाहेर जाणार नाही, फक्त त्यातील अत्यावश्यक सेवा बाहेर ठेवता येतील. कारखान्यांना आपल्या आवारापुरते खासगी ५जी जाळे उभारण्याची मुभा दूरसंचार विभागाने जून २०२२ मध्ये दिली. असे जाळे सार्वजनिक इंटरनेटपासून अलग असल्याने तिथे नेट न्यूट्रॅलिटीचा वाद येत नाही. वाद येतो तो एकाच ५जी जाळ्याचे अनेक कप्पे पाडून काही कप्पे खास ग्राहकांना विकताना. विशेष सेवांच्या नावाखाली सार्वजनिक रस्त्याची रुंदी घटत नाही ना, याकडे नियामकाला लक्ष ठेवावे लागते.

रिचार्जमध्ये काय बसते

रोजचा दीड जीबी संपल्यावर इंटरनेट मंदावते, त्याने नियम मोडत नाही. वेग सगळ्यासाठीच सारखा घटतो. जास्त पैशांत जास्त डेटा, रात्रीचा डेटा किंवा तीन महिन्यांचा पॅक यांनाही हरकत नाही. पॅकबरोबर एखाद्या चित्रपटसेवेचे सदस्यत्व देता येते, कारण ती सवलत वर्गणीत असते. मात्र तो सिनेमा पाहण्याचा डेटा खात्यातून वजाच होऊ नये, असे ठरले की मनाई लागू होते.

मधली एक जागा २०२० मध्ये उघडी पडली. एअरटेलने ‘प्लॅटिनम’ आणि व्होडाफोन आयडियाने ‘रेडएक्स’ या महागड्या योजनांतील ग्राहकांना अधिक वेगाचे आश्वासन दिले. ट्रायने जुलैमध्ये त्यांना हरकत घेतली. इथे भेद मजकुरात नव्हता, ग्राहकांमध्ये होता. पण टॉवरची क्षमता ठरलेली असते. वरच्या पॅकवाल्याला प्राधान्य दिले की त्याच टॉवरखालच्या साध्या पॅकवाल्याचा वाटा घटतो. त्यामुळे हा प्रश्न सेवेच्या दर्जाचा आणि पारदर्शक जाहिरातीचा म्हणून हाताळावा लागला.

जगातील वाटा

नेट न्यूट्रॅलिटीला कायद्यात प्रथम स्थान दिले चिलीने, २०१० मध्ये. नेदरलँड्सने त्यानंतर कायदा केला, तर ब्राझीलने एप्रिल २०१४ मध्ये ‘मार्को सिव्हिल’ या इंटरनेटच्या हक्कांविषयीच्या कायद्यात हे तत्त्व घातले. युरोपीय संघाचा नियम नोव्हेंबर २०१५ चा. त्यात झीरो रेटिंगवर थेट बंदी नव्हती, पण संघाच्या न्यायालयाने २०२० आणि २०२१ मधील निकालांत अशा योजना समान वागणुकीच्या कलमाशी विसंगत ठरवल्या. भारत ज्या मुक्कामी २०१६ मध्ये पोहोचला, तिथे युरोप निकालांच्या वाटेने आला.

अमेरिकेत हा नियम सत्तेबरोबर बदलत राहिला. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने फेब्रुवारी २०१५ मध्ये कडक नियम केले, डिसेंबर २०१७ मध्ये ते रद्द केले आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा आणले. २ जानेवारी २०२५ रोजी तेथील अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकारच नसल्याचे सांगून ते रद्दबातल ठरवले. कॅलिफोर्नियाचा २०१८ चा राज्य कायदा मात्र टिकून आहे.

दक्षिण कोरियाचा अनुभव वेगळ्या कारणाने बोलका आहे. तेथे २०१६ पासून माहिती पाठवणाऱ्या बाजूकडून जाळ्याच्या वापराचे पैसे घेण्याची पद्धत आहे. खर्च परवडत नसल्याचे सांगून ‘ट्विच’ या चित्रफीतसेवेने आधी चित्राचा दर्जा उतरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडला. भारतातही सेल्युलर ऑपरेटर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही कंपन्यांची संघटना मोठ्या ॲप कंपन्यांकडून जाळ्याच्या खर्चाचा ‘न्याय्य वाटा’ मागते. जुलै २०२३ मध्ये ट्रायने ॲपच्या नियमनाविषयी नवा मसुदा काढला, तेव्हा ही मागणी पुन्हा पुढे आली. विरोधी बाजू असे म्हणते की डेटाचे पैसे ग्राहकाने भरलेलेच आहेत. त्याच डेटासाठी दुसऱ्या टोकाकडूनही वसुली झाली, तर ती भरू न शकणारे मागे पडतील. एअरटेल झीरोवरचा आक्षेप हाच होता.

परवान्याबाहेरची बंदी

कंपनीने भेद करू नये, एवढे नेट न्यूट्रॅलिटी सांगते. सरकारने सगळेच इंटरनेट बंद केले, तर तिथे भेदाचा प्रश्न येत नाही. खुल्या इंटरनेटला असलेला हा दुसरा धोका पुणे जिल्ह्याने अनुभवला आहे. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान चाकणमध्ये हिंसाचार झाला आणि वाहने जाळली गेली. ९ ऑगस्टच्या महाराष्ट्र बंदच्या दिवशी प्रशासनाने जिल्ह्यातील शिरूर, खेड, बारामती, जुन्नर, मावळ, दौंड आणि भोर या सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवले. खेडमध्ये चाकण येते आणि मावळमध्ये तळेगाव. देहूरोड ज्या हवेली तालुक्यात आहे, तो यादीत नव्हता. म्हणजे लोकलने पुढे बेगडेवाडी-घोरावाडीकडे निघालेल्या माणसाचे इंटरनेट काही किलोमीटरवर तुटायचे. कामगाराचा पगाराचा संदेश, दुकानदाराचे देणे-घेणे आणि अफवा, सारे एकाच बटणाने थांबते. आंदोलनाशी संबंध नसलेलेही त्यात सापडतात.

जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी मराठा आंदोलनात जालना-बीड भागातही इंटरनेट बंद केले गेले. ‘ॲक्सेस नाऊ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये भारतात अशा ११६ घटना नोंदवल्या. तो आकडा जगात सर्वाधिक होता. पुढच्या वर्षी तो ८४ वर आला आणि म्यानमार ८५ सह पुढे गेले.

ऑगस्ट २०१७ पर्यंत अशी बंदी बहुधा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली होई. त्या महिन्यात स्वतंत्र नियम आले. आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनी द्यावा आणि पुनर्विलोकन समितीने तो तपासावा, असे त्यांनी ठरवले. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की इंटरनेटवरून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना घटनेच्या १९ व्या कलमाचे संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही, ती प्रमाणात असावी आणि आदेश प्रसिद्ध करावेत. त्यानंतर एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांवर आणली गेली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने बंदीचा अधिकार कायम ठेवला आणि नोव्हेंबर २०२४ च्या नियमांनी जुन्या नियमांची जागा घेतली.

दोन कुलपे, दोन किल्ल्या

भारतातील खुल्या इंटरनेटचे संरक्षण असे दोन वेगवेगळ्या पायांवर उभे आहे. कंपनीविरुद्धचे संरक्षण २०१६ च्या विनियमांत आणि २०१८ च्या परवाना अटींत आहे. ते नेमके आहे, त्याला दंडाची धार आहे आणि ते जगातील कडक नियमांपैकी एक गणले जाते. सरकारी बंदीविरुद्धचे संरक्षण प्रक्रियेचे आहे. आदेश कोणी काढायचा, किती दिवसांचा आणि कोणी तपासायचा, एवढे ते सांगते. बंदी घालायची की नाही, हा निर्णय मात्र गृहसचिवांच्या हातीच राहतो. पहिले संरक्षण मिळाले ते ट्रायच्या मसुद्यांना मुदतीत आलेल्या उत्तरांमुळे. दुसऱ्याबाबत मुख्य अंकुश न्यायालयातून आला आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध होतात का, यावर त्याचा उपयोग अवलंबून आहे. आदेश छापला गेला तर त्याची कारणे, हद्द आणि मुदत यांना आव्हान देता येते. तो कागद समोर आलाच नाही, तर मावळात किंवा खेडात इंटरनेट गेलेल्या माणसाला दाद मागायला आधारच राहत नाही.